लिपोसोमचा आकार दर बॅचला का बदलतो?

लिपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड या चरबीसदृश रेणूंच्या दुहेरी थराचे, पोटात पाणी असलेले अतिसूक्ष्म गोळे. तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो. हायड्रोजनेटेड लेसिथिन (फॉस्फोलिपिडचा स्रोत) ३ टक्के, थोडे कोलेस्टेरॉल, ग्लिसरीन २० टक्के, नियासिनमाइड आणि पाणी. हे सगळे ५० अंश सेल्सिअसला गरम करून रोटर-स्टेटर होमोजिनायझरवर दहा मिनिटे फिरवता. कृती तीच, वजने तीच, तरी तीन बॅचचे आकार १६०, २३० आणि ३९० नॅनोमीटर आले. फ्रिजमध्ये ठेवूनही महिनाभरात तिन्ही वाढले. त्यातली एक बॅच पॉलिसॉर्बेट २० (तेल पाण्यात विरघळवणारा साबणासारखा घटक) असलेल्या सीरमच्या बेसमध्ये घातली, तर ती पाण्यासारखी स्वच्छ झाली आणि मशीनने १४ नॅनोमीटर दाखवले. हे यश मानावे का, आणि १०० नॅनोमीटरसाठी किती आरपीएम व किती मिनिटे ठेवावीत, असे तुम्ही विचारले आहे.

आरपीएमचा आकडा मी देऊ शकतो, पण तो तुमच्या भांड्यात चालेल याची खात्री कोणी देऊ शकणार नाही. रोटरचा व्यास, भांड्याची रुंदी, मिश्रणाचा घट्टपणा यांतले काहीही बदलले की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. आकार नेमका कोणत्या क्षणी ठरतो, हे तुमच्या कृतीत निश्चित केलेले नाही. दर वेळी तो वेगळ्या क्षणी ठरतो, म्हणून दर वेळी वेगळा येतो.

आधी त्या १४ नॅनोमीटरचा निकाल लावू, कारण त्यावर विसंबून पुढचे काम केलेत तर फार वेळ वाया जाईल. ते लिपोसोम नाहीत. फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर साधारण ४ नॅनोमीटर जाड असतो, आणि तो वाकून गोल बंद होण्याला मर्यादा आहे. २० ते २५ नॅनोमीटर व्यासाच्या खाली बंद व्हेसिकल, म्हणजे थराची पोकळ पिशवी, राहूच शकत नाही. २५ नॅनोमीटरच्या व्हेसिकलमध्येसुद्धा सुमारे दोन तृतीयांश लिपिड बाहेरच्या थरात आणि एक तृतीयांश आतल्या थरात असते, इतका तो थर ताणलेला असतो. तेव्हा १४ म्हणजे मिसेल, पोटात पाणी नसलेला रेणूंचा भरीव पुंजका. पॉलिसॉर्बेट आधी थरात शिरते, थर त्याने भरून गेला की तुकडे पडू लागतात, आणि शेवटी लिपिड व पॉलिसॉर्बेट यांचे मिश्र मिसेल तयार होतात. पोटातले पाणी तेव्हाच बाहेर पडलेले असते. थोडे लिपोसोम शिल्लक असतील अशी आशा ठेवण्यातही अर्थ नाही. प्रकाश विखुरण्याच्या मापनात मोठे कण छोट्यांना पूर्ण झाकून टाकतात, त्यामुळे ते असते तर १४ हा आकडा दिसलाच नसता. द्रावण स्वच्छ झाले म्हणून आनंद होणे स्वाभाविक आहे, पण १०० ते १५० नॅनोमीटरचे लिपोसोम ३ टक्के लिपिडला काचेसारखे स्वच्छ दिसत नाहीत. ते दुधट दिसतात, आणि पातळ करून उजेडासमोर धरले की निळसर झाक मारतात.

आता मूळ मुद्द्याकडे.

लिपिडचे रेणू पाण्यात आपोआप रचना करतात हे खरे आहे, पण त्या 'आपोआप'मध्ये काय येते आणि काय येत नाही, हे वेगळे केले पाहिजे. १९७६ मध्ये इस्रायेलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी रेणूच्या आकारमानावरून रचनेचा अंदाज बांधण्याचा हिशेब मांडला. रेणूला पाणी आवडणारे डोके आणि पाणी टाळणारी शेपटी असते. डोक्याचे क्षेत्रफळ आणि शेपटीची लांबी यांच्या गुणाकाराने शेपटीच्या घनफळाला भागायचे. हा भागाकार एक तृतीयांशाच्या खाली असेल तर गोल मिसेल, एक तृतीयांश ते अर्धा असेल तर लांबट मिसेल, अर्धा ते एक असेल तर दुहेरी थर आणि व्हेसिकल, आणि एकाच्या वर गेला तर उलट्या रचना. फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे लेसिथिनमधला मुख्य फॉस्फोलिपिड, तिसऱ्या गटात बसते. म्हणजे व्हेसिकल होणार की नाही, हे रेणू ठरवतो. ते १०० चे होणार की ४०० चे, याबद्दल हा हिशेब जवळजवळ काही सांगत नाही.

आकार ठरतो तो थर बंद होताना. लिपिडचा एक सपाट तुकडा पाण्यात आहे असे धरा. त्याच्या कडेला शेपट्या पाण्याला उघड्या पडतात, आणि ही कड ऊर्जेच्या दृष्टीने महाग असते. तुकडा जितका मोठा तितकी कड लांब. गोल वाकून बंद होण्यासाठी जी वाकण्याची ऊर्जा लागते, ती मात्र गोळा लहान असो वा मोठा, जवळपास तेवढीच असते. म्हणून तुकडे एकमेकांना जुळून वाढत जातात आणि कडेचा खर्च वाकण्याच्या खर्चापेक्षा जड झाला की मिटतात. एकदा मिटला की तो आकार तिथेच अडकतो. फॉस्फोलिपिडची पाण्यातली एकेकट्या रेणूची विद्राव्यता इतकी कमी आहे (डीपीपीसी या संतृप्त फॉस्फोलिपिडसाठी ती १ लिटरमध्ये १ मोलच्या अब्जांशाहूनही कमी) की रेणू एका गोळ्यातून निघून दुसऱ्यात जाणे फार मंद असते. नॅनोइमल्शनमध्ये छोटे थेंब विरघळून मोठे फुगतात, तसे इथे सहसा होत नाही.

यातून माझ्या कामाची सगळी पद्धत निघते. लिपोसोमचा आकार म्हणजे समतोल नव्हे, तो त्या लिपिडच्या प्रवासाची नोंद आहे. लिपिड कोणत्या तापमानाला, किती वेगाने आणि कशातून पाण्यात आले, मग त्यावर किती बळ पडले आणि थंड होताना काय झाले, हे सगळे त्या आकड्यात साठलेले असते. शेवटच्या दहा मिनिटांतला आरपीएम हा त्या प्रवासाचा एक टप्पा झाला.

तुमच्या प्रवासात सर्वांत मोठी गडबड तापमानाची आहे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. प्रत्येक फॉस्फोलिपिडला एक संक्रमण तापमान असते. त्याखाली शेपट्या ताठ आणि शिस्तीत रचलेल्या असतात, त्यावर त्या सैल आणि वाहत्या होतात. संतृप्त फॉस्फोलिपिडांपैकी डीएमपीसीचे ते २३-२४ अंश, डीपीपीसीचे ४१, डीएसपीसीचे ५५. साध्या सोया लेसिथिनमधल्या असंतृप्त फॉस्फॅटिडिलकोलीनचे शून्याच्या बरेच खाली. सोया लेसिथिन हायड्रोजनेट केले की त्यात मुख्यतः स्टिअरिक शेपट्या येतात आणि ते तापमान ५० ते ५५ अंशांच्या पट्ट्यात जाते. तुम्ही ५० अंशांवर काम करता, म्हणजे नेमके त्या उंबरठ्यावर. एका दिवशी पाणी ५३ अंशांवर असेल, दुसऱ्या दिवशी ४८. एका बॅचमध्ये थर वाहता असताना होमोजिनायझर चालला, दुसऱ्यात अर्धवट ताठ असताना. ताठ थर कापला की तो नीट मिटत नाही. त्याचे ठिसूळ तुकडे राहतात आणि ते नंतर एकमेकांना चिकटून वाढतात. १६० आणि ३९० मधला फरक एवढ्यानेही पडू शकतो.

म्हणून लिपिड, पाणी, भांडे आणि रोटरचे डोके हे सर्व ६५ अंशांवर आणा. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. थंड धातूचे डोके गरम मिश्रणात बुडवले की सुरुवातीची दोन-तीन मिनिटे, म्हणजे नेमकी आकार ठरण्याची वेळ, भलत्याच तापमानाला जाते. थर्मामीटर भांड्याच्या भिंतीजवळ न धरता रोटरजवळ धरा.

कोलेस्टेरॉलबद्दल तुम्ही फक्त 'थोडे' असे लिहिले आहे. किती, यावर बरेच अवलंबून आहे. दोन रेणू लेसिथिनला एक रेणू कोलेस्टेरॉल एवढे प्रमाण असेल तर संक्रमण पसरट होते, थर कमी गळतो, आणि साठवणीत गोळे एकमेकांत मिसळण्याची ओढ घटते. वजनात हे साधारण चारास एक येते, म्हणजे ३० ग्रॅम लेसिथिनला साडेसात ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर घातले तर फायदाही चिमूटभरच मिळतो. ते पाण्यात पावडर म्हणून टाकत असाल, तर ते थरात शिरलेलेच नाही असे धरा. कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन आधी एकमेकांत विरघळायला हवेत, गरम ग्लायकॉलमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये. नाहीतर कोलेस्टेरॉलचे चपटे स्फटिक राहतात, आणि आकार मोजणारे मशीन त्यांना मोठे लिपोसोम समजून मोजते. ध्रुवीकृत प्रकाशाचा साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर एक थेंब पाहा. अनेक थरांचे मोठे लिपोसोम त्यात फुलीच्या खुणेसारखे चमकतात, आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक चौकोनी पापुद्र्यांसारखे दिसतात. महागड्या मशीनच्या आकड्यात हा फरक कळत नाही, डोळ्यांना एका नजरेत कळतो.

कच्च्या मालाचीही चौकशी करा. 'हायड्रोजनेटेड लेसिथिन' या एकाच नावाखाली २५-३० टक्के फॉस्फॅटिडिलकोलीन असलेला माल मिळतो आणि ९० टक्क्यांच्या वरचाही. उरलेल्या भागात फॉस्फॅटिडिलइथेनोलअमाइन जास्त असेल, तर त्याच्या छोट्या डोक्यामुळे रचना उलटी होण्याकडे झुकते. लायसो रूप (दोनपैकी एक शेपटी तुटलेले) जास्त असेल तर मिसेलकडे झुकते. फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल आणि फॉस्फॅटिडिक आम्ल ऋणभार आणतात, आणि तो बहुतेक वेळा उपयोगीच पडतो. पुरवठादाराकडून दर लॉटचे फॉस्फॅटिडिलकोलीन, लायसो आणि आम्लांक यांचे आकडे घ्या. तुमच्या तीन बॅच दोन वेगळ्या लॉटमधल्या असतील, तर बाकी सगळी चर्चा करण्याआधी तेवढे तपासा.

आता यंत्राबद्दल. रोटर-स्टेटर हे चांगले यंत्र आहे, पण पातळ मिश्रणात ते काही शेकडा नॅनोमीटरपर्यंतच नेते, आणि आकारांचा पसारा रुंद ठेवते. वेळ वाढवून हवा मिसळते, फेस येतो आणि आकार एका जागी थांबतो. १०० च्या जवळ अरुंद पसारा हवा असेल, तर तीन वाटा मी वापरल्या आहेत.

पहिली वाट बळाची: उच्च दाबाचा होमोजिनायझर. ५०० ते १००० बार, तीन ते पाच फेऱ्या. सर्वांत मोठी घट पहिल्या एक-दोन फेऱ्यांत होते, मग आकार सपाट होतो. त्यानंतर फेऱ्या वाढवून फक्त उष्णता आणि लिपिडचे विघटन वाढते. प्रत्येक फेरीनंतर मोजा आणि सपाटी दिसली की थांबा. आत जाणारे मिश्रण संक्रमण तापमानाच्या वरच हवे, नाहीतर झडप तुंबते.

दुसरी वाट चाळणीची: पॉलिकार्बोनेटच्या पडद्यातून गाळणे. ४०० नॅनोमीटरच्या छिद्रांपासून सुरू करून २०० आणि मग १०० वर या. १०० च्या छिद्रातून दहा-बारा वेळा काढले की आकार १०० ते १३० मध्ये आणि अरुंद येतो. प्रयोगशाळेत याच्याइतकी भरवशाची पद्धत दुसरी नाही. मोठ्या प्रमाणावर पडदे, दाब आणि वेळ यांमुळे ती जड जाते.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात आकार नंतर कापून मिळवायचा नसतो, तो जन्मतःच हवा तसा येतो. लिपिड अल्कोहोलमध्ये विरघळवून ते पाण्यात वेगाने सोडायचे. बात्झ्री आणि कॉर्न यांनी १९७३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. अल्कोहोल पातळ होताच सपाट तुकडे बनतात, आणि मिसळणे वेगाने झाले तर ते फार वाढण्याआधीच मिटतात. मिसळणे मंद असेल तर त्यांना जुळायला वेळ मिळतो आणि गोळे मोठे होतात. इथे तीन गोष्टी हातात असतात: अल्कोहोलमधले लिपिडचे प्रमाण, अल्कोहोल व पाण्याचे गुणोत्तर, आणि प्रवाहाचा वेग. लिपिड कमी, पाणी जास्त, वेग जास्त असेल तर आकार लहान. हायड्रोजनेटेड लेसिथिन थंड अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, ६० अंशांच्या वर विरघळते, आणि इथेच सांभाळायला हवे. गरम अल्कोहोलची वाफ सहज पेट घेते. उघड्या भांड्यात, साध्या मोटरच्या शेजारी, हे काम करू नका. बंदिस्त व्यवस्था आणि ठिणगी-सुरक्षित मोटर नसेल तर ही वाट सोडून द्या.

तुमच्याकडे रोटर-स्टेटरच आहे असे धरून चौथा मार्गही सांगतो, आणि तुमच्यासाठी मी त्याचीच शिफारस करीन. तुमच्या कृतीत २० टक्के ग्लिसरीन आधीच आहे. ते पाण्यात न घालता लिपिडसाठी वापरा. कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन थोड्या प्रॉपिलीन किंवा पेंटिलीन ग्लायकॉलमध्ये ७० अंशांना एकजीव करा. त्यात गरम ग्लिसरीन आणि एकूण पाण्याचा थोडासाच भाग घाला, एवढा की जाड, तकतकीत लगदा होईल. होमोजिनायझर या लगद्यातच चालवा. पातळ पाण्यात रोटरची बरीच ऊर्जा नुसते पाणी फिरवण्यात जाते. घट्ट लगद्यात शिअर, म्हणजे कापणारे बळ, थेट थरांपर्यंत पोहोचतो, जसे पीठ घट्ट असेल तरच मळणाऱ्या हाताचा जोर त्याला लागतो. मग उरलेले गरम पाणी, नियासिनमाइड विरघळवलेले, ढवळत एकसारख्या धारेने घाला. पुन्हा थोडा वेळ होमोजिनायझर चालवा. ६५ अंशांवर अर्धा तास हळू ढवळत ठेवा, म्हणजे अर्धवट राहिलेले तुकडे मिटतात. त्यानंतर मंद ढवळत थंड करा. थंड होताना होमोजिनायझर चालू ठेवू नका. संक्रमण तापमानाखाली त्याचा उपद्रवच जास्त. या वाटेने १०० येईल असे वचन मी देत नाही. १५० ते २०० मध्ये, बॅचमागून बॅच जवळजवळ तोच आकडा येईल, अशी अपेक्षा धरा.

तर आतापर्यंतचे सूत्र असे झाले: रेणू रचना ठरवतो, मिसळण्याची रीत आणि तापमान पहिला आकार ठरवतात, यंत्र तो कापते. कापलेला आकार टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो बहुधा आजूबाजूच्या पाण्यावर ठरतो.

तुमच्या तिन्ही बॅच महिनाभरात वाढल्या. त्याची कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतील. पहिले, संतृप्त लिपिडचे फार छोटे गोळे संक्रमण तापमानाखाली ठेवले की त्यांचा ताणलेला थर एकमेकांत मिसळून मोकळा होऊ पाहतो. पुरेसे कोलेस्टेरॉल यावर चांगला उपाय आहे. म्हणून फ्रिज नेहमी मदतच करतो असे समजू नका. दुसरे, विद्युतभार. शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलीनचा भार जवळजवळ शून्य असतो, आणि गोळे एकमेकांना दूर ढकलत नाहीत. झीटा पोटेन्शियल (गोळ्याच्या पृष्ठभागाजवळच्या भाराचे माप) उणे ३० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर बरे, पण हा आकडा मिठाविना असलेल्या पाण्यातला आहे हे ध्यानात ठेवा. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात विद्युत प्रतिकर्षण सुमारे १० नॅनोमीटर अंतरापर्यंत जाणवते, १०० मिलिमोलरमध्ये ते जेमतेम १ नॅनोमीटरवर येते. सोडियम पीसीए, सोडियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट, बफर हे सगळे मीठच आहे. मॅग्नेशियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट आणि कॅल्शियम असलेले वनस्पती-अर्क आणखी त्रासदायक, कारण दोन भारांचे आयन दोन ऋणभारित गोळ्यांमध्ये पूल बांधतात. नियासिनमाइडला स्वतःला भार नाही, त्याच्याकडून हा धोका नाही. तिसरे, विघटन. फॉस्फोलिपिडचे पाण्याने तुटणे पीएच ६.५ च्या आसपास सर्वांत मंद असते, आणि नियासिनमाइडलाही ६ च्या जवळचा पीएच मानवतो. तेव्हा ६ ते ६.५ ठेवा.

संरक्षकाबद्दल इतकेच की फिनॉक्सिइथेनॉलसारखे रेणू थरात शिरतात आणि त्याला मऊ करतात. नेहमीच्या प्रमाणात लिपोसोम सहसा टिकतात, पण घालण्यापूर्वी आणि घातल्यावर दुसऱ्या दिवशी मोजल्याशिवाय मी ते कधी गृहीत धरत नाही.

आता मोजमाप. मला शंका आहे की तुमचे आकडे आहेत त्याहून मोठे दिसत आहेत. डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणारे मशीन, कणांची हालचाल किती जलद आहे ते पाहते, आणि त्यावरून आकार काढताना द्रवाची व्हिस्कॉसिटी वापरते. २५ अंशांना २० टक्के ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी पाण्याच्या सुमारे पावणेदोन पट असते. नमुना तसाच ठेवला आणि मशीनमध्ये 'पाणी' निवडले, तर १३० चा लिपोसोम २३० दिसेल. याउलट शुद्ध पाण्यात पातळ केला तर बाहेरचे ग्लिसरीन एकदम कमी होते, पाणी आत शिरते, आणि गोळा फुगतो किंवा गळतो. योग्य रीत अशी की लिपिड सोडून बाकी सर्व असलेले पाणी बनवा, गाळून घ्या, त्यातच नमुना पातळ करा, आणि त्याच पाण्याची व्हिस्कॉसिटी व अपवर्तनांक मशीनला द्या. पातळपणा दोन वेगळ्या पातळ्यांवर ठेवून मोजा. दोन्ही आकडे जुळले तर विश्वास ठेवा.

दुसरे, हे मशीन तीव्रतेनुसार सरासरी देते. विखुरलेला प्रकाश ढोबळमानाने व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा एक कण १०० च्या सातशेहून अधिक कणांइतका उजळ दिसतो. तुमच्या ३९० च्या बॅचमध्ये पीडीआय (आकारांचा पसारा किती रुंद आहे त्याचा निर्देशांक) ०.५ आहे असे तुम्ही लिहिता. अशा वेळी ३९० हा आकडा कोणत्याच खऱ्या गटाचा नसू शकतो. बहुसंख्य गोळे १५० चे आणि सोबत थोडे गठ्ठे किंवा स्फटिक, असेही चित्र असू शकेल. पीडीआय ०.२ च्या खाली आल्याशिवाय सरासरी आकाराची चर्चा मी करत नाही. फेस आणि धूळ यांनीही असाच घोळ होतो, म्हणून होमोजिनायझर थांबवल्यावर लगेच मोजू नका.

१०० च्या हट्टाबद्दलही मनापासून सांगायचे आहे. नियासिनमाइड पाण्यात विरघळते, म्हणून ते लिपोसोमच्या पोटातल्या पाण्यात जाईल अशी तुमची कल्पना आहे. हिशेब करून पाहा. ३ टक्के लिपिड, सगळे एकाच थराचे १०० नॅनोमीटरचे गोळे, असे धरले तर त्यांच्या पोटात एकूण पाण्याचा सुमारे १० ते १२ टक्केच भाग मावतो. ५० नॅनोमीटरवर गेलात तर तो ५ टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे जसजसा आकार लहान कराल, तसतसे नियासिनमाइड बाहेर राहील, शिवाय छोटा, भार नसलेला रेणू असल्याने आत गेलेलेही हळूहळू गळेल. रेटिनॉल किंवा व्हिटॅमिन ई असते तर गोष्ट वेगळी होती. ते थरातच बसतात आणि आकार घटला तरी लिपिडमागे त्यांची जागा फारशी कमी होत नाही.

त्वचेबाबतही 'लहान तितके खोल' हे समीकरण सरळ नाही. त्वचेचा वरचा मृत थर १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, आणि बहुतांश लिपोसोम तो अखंड अवस्थेत पार करत नाहीत. ते पृष्ठभागावर फुटतात, त्यांचे लिपिड त्वचेच्या लिपिडमध्ये मिसळते, आणि फायदा त्या मार्गाने होतो. म्हणून तुमच्या सीरमसाठी १२० ते १८० नॅनोमीटर, पीडीआय ०.२ च्या आत, आणि तीन महिन्यांत आकारात लक्षणीय वाढ नाही, हे ध्येय मी ठेवीन. पहिल्या दिवशी १०० आणि महिन्याने ३०० असण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

सीरमच्या बेसमधून पॉलिसॉर्बेट काढा. सुगंधी तेल विरघळवण्यासाठीच ते घातले असेल तर सुगंधच सोडा, किंवा तो फारच कमी ठेवून थरात सामावतो का ते पाहा. घट्टपणासाठी झँथन किंवा हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज चालेल. कार्बोमरही चालते, फक्त ते आधी उदासीन करून, पीएच जुळवून मगच लिपोसोम घाला. बेस ४० अंशांच्या खाली असावा आणि ढवळणे मंद.

टिकाऊपणाची चाचणी ४, २५ आणि ४० अंशांवर करा. २४ तास, १ आठवडा, १ महिना, ३ महिने अशा टप्प्यांनी आकार, पीडीआय, पीएच आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र नोंदवा. लवकर निकाल हवा म्हणून बाटली ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला तुमचा थर वितळलेल्या अवस्थेत असतो, आणि तिथे जे दिसेल ते कपाटातल्या बाटलीचे भविष्य नसेल.

मोठ्या भांड्यात जाताना आरपीएमची नक्कल करू नका. धार रोटरच्या तोंडाशीच सोडा, भर घालायला लागणारा वेळ आणि मिश्रणाचे तापमान लहान बॅचइतकेच ठेवा, आणि थंड होण्याचा वेग नोंदवा. मोठे भांडे सावकाश थंड होते, त्यामुळे लिपिड बराच वेळ संक्रमणाच्या पट्ट्यात रेंगाळते. आधी आहे त्याच कृतीने ६५ अंशांवर एक बॅच करा आणि ती ग्लिसरीनच्या योग्य व्हिस्कॉसिटीने मोजा. एवढ्या दोन बदलांनी तुमच्या तीन आकड्यांमधला किती फरक उरतो ते कळेल, आणि लगद्याची वाट धरायची की दाबाचे यंत्र शोधायचे, हे त्यावरून ठरवता येईल.